गाडी न चालवता सिसिली: रेल्वे आणि बसने बेट कसं फिरावं

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट. पालेर्मोहून कतानियाला जायलाच तीनेक तास लागतात. तरीही इथे भाड्याची गाडी घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस आपण घरी परतल्यावर येते.

१. मुक्काम दोनच ठेवा

आठ-नऊ दिवसांसाठी पश्चिमेला पालेर्मो आणि पूर्वेला कतानिया पुरेत. पालेर्मोहून चेफालू तासाभरावर, अग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं दोन तासांवर. कतानियाहून सिराकूझा सव्वा तास, ताओर्मिना त्याहून जवळ. दोन्ही शहरांना विमानतळ आहे, त्यामुळे एकीकडे उतरून दुसरीकडून निघता येतं. खोली स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ घ्या.

२. रेल्वे की बस?

ढोबळ हिशोब असा: किनाऱ्याने रेल्वे, बेटाच्या पोटात बस. पालेर्मो ते मेस्सिना आणि मेस्सिना ते कतानिया, दोन्ही प्रवासांत डावीकडची खिडकी पकडा, समुद्र त्याच बाजूला आहे. पियात्झा आर्मेरिनाजवळच्या रोमन वाड्यातली मोझेकची फरशी बघायची तर बसच हवी.

३. तिकीट

प्रादेशिक गाड्यांना आरक्षण नसतं. आधी काढा की ऐनवेळी, भाडं तेवढंच. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का उमटवून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. शहर बसची तिकिटं तंबाखूच्या दुकानात मिळतात.

४. वेळापत्रक वाचायला शिका

सगळी सहल यावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. स्टेशनवर काचेमागे दोन मोठे तक्ते असतात: पिवळ्यावर सुटणाऱ्या गाड्या, पांढऱ्यावर येणाऱ्या. वेळेशेजारी बारीक चिन्ह असतं. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, आणि त्यात शनिवारही आला. क्रूस म्हणजे रविवार आणि सणाची सुट्टी. बसथांब्यावर हेच शब्दांत लिहितात: ‘फेरियाले’ कामाच्या दिवशी, ‘फेस्तीवो’ सुट्टीच्या दिवशी, ‘स्कोलास्तिको’ फक्त शाळा चालू असताना.

एका रविवारी डोंगरातल्या गावात मी दीड तास बसची वाट पाहत उभा होतो. शेवटी समोरच्या कॉफीवाल्या आजोबांनी येऊन तक्त्यावरच्या ‘फेरियाले’वर बोट ठेवलं. तेव्हापासून रविवार मी शहरातच घालवतो. 25 एप्रिल, 1 मे, 2 जून आणि 15 ऑगस्ट या सुट्ट्याही आधीच वहीत लिहून ठेवा. ‘शोपेरो’ म्हणजे संप. तो बहुधा आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक प्रादेशिक गाड्या तरीही सोडतात.

५. एत्नासाठी एक दिवस राखा

कतानिया स्टेशनसमोरून सकाळी ज्वालामुखीकडे बस सुटते. ती सुमारे 1,900 मीटर उंचीवरच्या रिफुजो सापिएंत्सा या डोंगरी निवाऱ्यापाशी सोडते आणि दुपारनंतर परत आणते. ही चुकली तर दिवस गेलाच म्हणून समजा, तेव्हा अर्धा तास आधी जाऊन थांबा. वर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

मला स्वतःला जास्त आवडते ती चिर्कुमेत्नेआ, एत्नाला वळसा घालणारी अरुंद रुळांची रेल्वे. ही 1890च्या दशकातली. काळ्या लाव्ह्याच्या बांधांमधून ती ब्रोंतेच्या पिस्त्याच्या बागांकडे जाते. तिच्याही नेहमीच्या गाड्या रविवारी धावत नाहीत.

६. उतरताच परतीची वेळ बघा

थांब्यावरच्या तक्त्याचा फोटो काढा आणि चालकाला ‘उल्तिमो?’ एवढंच विचारा, तो शेवटच्या बसची वेळ सांगेल. ताओर्मिनाला तर हे हवंच, कारण स्टेशन खाली समुद्रालगत आणि गाव वर डोंगरावर. स्टेशनवर उतरवणारी बस आणि कतानियाची गाडी यांत किमान वीस मिनिटं मोकळी ठेवा.