अभ्यासिकेतले तास आणि झालेला अभ्यास

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या) तयारीसाठी नव्याने आलेल्यांचे पहिले आठ दिवस साधारण सारखेच जातात. खोली, मेस, अभ्यासिकेतली जागा, पुस्तकांची खरेदी, आणि मग भिंतीवर पहाटे ५ ते रात्री ११ असं रंगीत वेळापत्रक. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मोडतं. याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका. त्या वेळापत्रकात मेसची रांग, कपडे धुणं, घरचा फोन यांना जागाच ठेवलेली नसते. सकाळचा एक तास सरकला की मागचे सगळे सरकतात आणि ‘आजचा दिवस गेलाच, उद्यापासून नीट करू’ सुरू होतं.

त्याऐवजी बैठका मोजा. ५० मिनिटं अभ्यास, १० मिनिटं उठणं, ही एक बैठक. पहिल्या महिन्यात रोज ६ पुरेत, नंतर ८. अभ्यासिकेत १२ तास काढणाऱ्याच्या अशा निव्वळ बैठका मोजल्या तर पाच-सहाच निघतात, हे आठवडाभर मोजून पाहिलंत की पटेल. जेवणाआधी निम्म्या उरका. दुपारी मेसमधून आल्यावर वाचायला घेऊ नका, सीसॅटची, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरची, गणितं सोडवा. हात चालू राहिला की डोळा लागत नाही.

यासाठी शंभर पानी वही लागते. रोज एक पान, चार रकाने: वेळ, काय करायचं, काय झालं, किती प्रश्न सोडवले. पहिले दोन रकाने आदल्या रात्री भरायचे. ‘इतिहास वाचणे’ असं लिहिलंत तर ते कधी संपलं हे कळणारच नाही. ‘१८७५चे दख्खनचे दंगे, १२ पानं, आयोगाचे जुने १० प्रश्न’ असं लिहा. सकाळी जागेवर बसून विषय ठरवायला गेलात तर पहिली बैठक त्यातच जाते, आणि हात आवडीच्या पुस्तकाकडेच जातो. अर्थशास्त्र मागे पडतं ते बहुधा असंच.

फोन टेबलावर उलटा ठेवून भागत नाही. तो बंद करून बॅगेत, आणि वेळ बघायला साधं मनगटी घड्याळ. टेलिग्रामवरच्या पीडीएफ रात्रीच्या जेवणानंतर, २० मिनिटं. उतरवून घेतलेली पीडीएफ वाचल्यासारखीच वाटते, म्हणून ही मर्यादा कडक ठेवा.

चहाचं मात्र नीट समजून घ्या. खाली उतरताना १० मिनिटंच ठरलेली असतात. तिथे जाहिरात कधी निघणार, कटऑफ किती लागेल, कोर्टात काय झालं, हे सुरू होतं आणि ४० मिनिटं जातात. वर आल्यावरही पुढचा अर्धा तास पान डोळ्यांपुढे असतं आणि डोक्यात कटऑफ. चहा सोडू नका. एकच सोबती ठरवा आणि कप रिकामा झाला की उठायचं, हे त्यालाही आधी सांगून ठेवा.

उजळणीला साधा हिशेब पुरतो: आज वाचलेलं उद्या, सातव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून काय सुटलं ते बघायचं. नुसतं परत वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि परीक्षेत चार पर्यायांपैकी दोन बरोबर वाटू लागतात.

रविवारी परीक्षेच्याच वेळेला एक पूर्ण पेपर द्या. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न, २०० गुण, २ तास; म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद, त्यातच गोल रंगवणं आलं. म्हणून सरावालाही छापील उत्तरपत्रिका आणि काळं बॉलपेन घ्या. एका चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव वाटा कापला जातो: २० चुका म्हणजे १० गुण, पाच बरोबर उत्तरांची कमाई. पेपरनंतर प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: ‘न’ म्हणजे माहीत नव्हतं, ‘व’ म्हणजे वाचण्यात चूक, ‘अं’ म्हणजे अंदाज. ‘अयोग्य विधान ओळखा’मधलं ‘अयोग्य’ न दिसल्यामुळे गेलेले गुण ‘व’मध्ये सापडतात, आणि ते कमी करायला नवं पुस्तक लागत नाही, प्रश्नातल्या त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लागते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. सामान्य अध्ययनाचा पेपर २५० गुणांचा, वेळ ३ तास. १० गुणांच्या उत्तराला जेमतेम ७ मिनिटं. रोज एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहा, पहिल्या दिवसापासून.

खंड पडणारच. ताप येतो, गावाकडे लग्न असतं. दोन दिवस बुडाले तर त्यांच्या बैठका तिसऱ्या दिवसावर चढवू नका. २४ बैठकांचं पान बघून माणूस वहीच उघडत नाही. परतल्यावर पहिल्या दिवशी ३ बैठका, दुसऱ्या दिवशी ५, मग नेहमीच्या. राहिलेलं रविवारी दुपारी बसेल तेवढं बसवा.

एक पान मात्र पहिल्याच दिवशी भरा. किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, दरमहा घरून किती पैसे आणि त्यानंतर कोणतं काम, हे तारखेसह लिहून घरात एकाला वाचून दाखवा. एक-दोन गुणांनी नाव हुकलेल्या रात्री हे ठरवता येत नाही.