महागडा वेटसूट घेण्याआधी तुमचे पाय पाण्यात कुठे असतात ते बघा

ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग स्पर्धेसाठी, चांगला वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घ्यायचा ठरला की माझ्याकडे पोहायला येणारे लोक आधी कंपनीचं नाव विचारतात. मी आधी त्यांना तलावात उतरवते. मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा, धरून शंभर मीटर पोहायचं, थोडं थांबायचं, मग पुल बॉय काढून तेवढ्याच जोरात पुन्हा शंभर मीटर. पुल बॉय लावल्यावर वेग चांगलाच वाढला, तर तुमचे पाय पाण्यात खाली जातात. काहीच फरक पडला नाही किंवा उलट अडचण झाली, तर तुम्ही मुळातच पाण्यावर सरळ आडवे राहता. सूट कोणता घ्यायचा हे यावरून ठरतं.

कारण वेटसूट अंग गरम ठेवतो तसा ते वर उचलूनही धरतो. सूट ज्या रबराचा असतो त्या निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. जाडी जास्त तेवढी उचल जास्त. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे जाडी ५ मिलिमीटरच्या वर चालत नाही, म्हणून सगळा खेळ त्या पाच मिलिमीटरच्या आत, कुठे किती जाड ठेवायचं याचा. पाय बुडणाऱ्यांनी मांड्या आणि कंबर ५ आणि छाती ३ च्या आसपास असलेला सूट घ्यावा. ज्यांचे पाय आधीच वर असतात त्यांना तोच सूट त्रास देतो. टाचा पाण्याबाहेर येतात, किक हवेत जाते आणि कंबरेवर ताण येतो. लहानपणापासून स्पर्धेत पोहणारी माझी एक विद्यार्थिनी असा सूट घालून आली होती. तिची किक पाहताच मी तिला छाती आणि पाय दोन्हीकडे सारखी जाडी असलेला सूट बघायला सांगितलं. तो घातल्यावर तिची कंबर दुखायची थांबली. हूब या ब्रिटिश कंपनीने तर एकाच नावाचा सूट ३:५ आणि ४:४ (आधी छातीची, मग पायांची जाडी) अशा दोन प्रकारांत काढला, तो याच कारणासाठी.

आता पैशांचं. स्वस्त सूटही तुम्हाला छान तरंगत ठेवतो, कधीकधी महागापेक्षा जास्तच. वरच्या श्रेणीतल्या सूटमध्ये जास्तीचे पैसे मुख्यतः खांद्यासाठी जातात. खुल्या पाण्यात लांब अंतर पोहताना हात हजारो वेळा डोक्यावरून पुढे जातो आणि दर वेळी रबर ताणावं लागतं. ते रबर कडक असेल तर दमायला होतं, आणि तो थकवा पुढे सायकलवरही जाणवतो. म्हणून उत्तम सूटमध्ये खांदा आणि काखेचं पॅनल एक ते दोन मिलिमीटरच असतं, आणि तेही सगळ्यात मऊ निओप्रीनचं. जपानच्या यामामोटो कंपनीच्या निओप्रीनवर ३८, ३९, ४० असे आकडे दिसतील. आकडा वाढतो तसं रबर जास्त ताणलं जातं, किंमत चढते आणि नाजूकपणाही वाढतो. पुष्कळ चांगल्या सूटमध्ये धडाला ३९ आणि हातांना ४० वापरतात. वरून ‘एससीएस’ नावाचा गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पाणी अंगाला कमी अडतं. मात्र नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. आतलं अस्तर ताणलं जात नसेल तर ४० नंबरचं रबरही हाताला अडवतं. काखेचा भाग दोन्ही हातांनी ओढून बघा, अस्तरासकट किती ताणला जातो ते लगेच कळतं.

माप बघताना कंपनीच्या तक्त्यातली उंची आणि वजन ही फक्त सुरुवात. घालून बघायला हवंच, आणि त्यासाठी निवांत वेळ हवा. नखं कापून जा, अंगठ्या काढा. पायावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली की पाय सहज आत सरकतो. आधी पाय पूर्ण वर ओढा, जांघेत फट राहता कामा नये. ती राहिली तर पुढे खांद्याला रबर पुरत नाही आणि माणूस सूट लहान आहे म्हणून परत करतो. पुष्कळांना घट्ट वाटणारा सूट खरं तर नीट वर ओढलेलाच नसतो. मग धड, मग हात. हातावरचं जादा रबर चिमटीत न पकडता बोटांच्या पेरांनी थोडं थोडं खांद्याकडे सरकवा. झिप लावल्यावर हात वर करा. काखेत पोकळी नको, कंबरेच्या खळग्यात हवा नको. कोरड्यात तो थोडा अति घट्टच वाटतो, पाण्यात सैल होतो. पायाची कड घोट्याच्या थोडी वर असली तर ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून सायकलकडे जाताना, सूट पटकन निघतो.

गळ्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. गळा सैल असेल तर दर स्ट्रोकला पाणी आत शिरतं. जास्त आवळला तर थंड पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास लागतो, त्यात गर्दी, आणि चांगले पोहणारेही घाबरतात. सूट घालून दहा मिनिटं उभे राहा, मान दोन्ही बाजूंना वळवून खोल श्वास घ्या. छाती पूर्ण फुगत नसेल तर तो सूट घेऊ नका, कितीही सवलत असली तरी. पोहताना धाप न थांबणं, खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी अशी लक्षणं दिसली तर लगेच पाण्याबाहेर या आणि डॉक्टर गाठा. फुफ्फुसात पाणी साचत असू शकतं.

शक्य असेल तर पाण्यात वापरून बघायला देणाऱ्याकडूनच घ्या. वीसेक मिनिटं पोहल्यावर खांदा काय म्हणतो, त्यावर निर्णय घ्या. पाण्यात उतरल्यावर गळा ओढून थोडं पाणी आत घ्या, म्हणजे सूट अंगाला बसतो.

आपण कुठे पोहणार तेही आधी बघा. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये हौशी खेळाडूंसाठी पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट चालतो, त्याच्यावर २८.८ पर्यंत घालता येतो, पण बक्षिसाला पात्र राहत नाही. वर्ल्ड ॲक्वाटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या खुल्या पाण्यातल्या स्पर्धांत २० अंशांपासून पुढे बंदी, १८ च्या खाली सक्ती. इंग्लिश खाडीच्या पारंपरिक पोहण्यात तो चालतच नाही. तुमचं पाणी बहुतेक वेळा कोमट असेल तर बिनबाह्यांचा सूट किंवा साधा स्विमस्किन, म्हणजे निओप्रीन नसलेला पातळ घट्ट पोशाख, बघा.

मानेला घर्षण होऊ नये म्हणून पेट्रोलियम जेली लावू नका, तिने निओप्रीन खराब होतं. त्यासाठीची खास कांडी मिळते. पोहून आल्यावर गोड्या पाण्यात खंगाळा, उलटा करून सावलीत वाळवा, कंबरेत दुमडून जाड हँगरवर टाका. नखाची चीर पडली तर निओप्रीनचा डिंक चिरेच्या दोन्ही कडांना लावून थोडा वाळू द्या, मग कडा जुळवून घट्ट दाबा. लहान असतानाच बुजवली तर ती पुढे फाटत जात नाही.