पहिला मेल पाठवण्याआधी यादी चाळा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना ओळखीचा पहिला मेल पाठवताय? आधी पत्ते तपासा. व्हिजिटिंग कार्डावरून टाइप करताना 'डॉट कॉम'चं 'डॉट कॉन' होतं, ते डोळ्यांना सापडतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता मात्र दिसायला अगदी बरोबर असतो. तिथे व्हेरिफायर, म्हणजे पत्ता चालू आहे का ते तपासणारा प्रोग्राम, लागतो. तो मेल न पाठवताच समोरच्या सर्व्हरला विचारतो, ही पेटी आहे का? '५५०, असा युजर नाही' हे उत्तर आलं की पत्ता काढून टाका. बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेले मेल, वाढले की तुमच्या डोमेनची पत जाते आणि चांगले मेलही स्पॅममध्ये पडतात. 'कॅच-ऑल' डोमेन कुठल्याही नावाला हो म्हणतं, म्हणून तिथे व्हेरिफायरलाही खरा पत्ता ओळखता येत नाही. अशा ठिकाणी मी सरळ कारखान्यात फोन करून खरेदी विभागाचा पत्ता विचारते, आणि तुम्हीही तेच करा.