वाण बघून नत्र: कपाशी, गहू आणि दादर ज्वारीचा एकरी हिशोब

एकरी दोन गोण्या युरिया हे माप बागायती बीटी कपाशीला बरोबर बसतं. तेच माप कोरडवाहू देशी कपाशीला लावलं तर झाड नुसतं पाल्याला जातं, तुडतुडे वाढतात आणि कैऱ्या, म्हणजे कच्ची बोंडं, मोजक्याच लागतात. वाणाला किती नत्र पचेल हे तीन गोष्टींवरून ठरवा: वाण किती दिवसांचं आहे, ते किती माल धरतं आणि त्याला पाणी मिळणार आहे का. दुकानदार सगळ्यांना एकच डोस सांगतो, कारण त्याला तुमची विहीर माहीत नसते.

आधी गोणीतलं नत्र मोजून घ्या. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो. ५० किलो डीएपीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. १०:२६:२६ च्या गोणीत नत्र ५ किलो, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १३.

बागायती बीटीची शिफारस हेक्टरी १२५:६५:६५ किलो (नत्र:स्फुरद:पालाश), म्हणजे एकरी ५०:२६:२६. लागवडीला १०:२६:२६ च्या दोन गोण्या दिल्या की स्फुरद-पालाश पुरा होतो आणि नत्राचे १० किलो पडतात. हा झाला २० टक्के हप्ता. उरलेल्या ४० किलोसाठी एक गोणी युरिया ३० दिवसांनी आणि एक ६० दिवसांनी. हिशोब इतका नेमका जुळतो की तिसरी गोणी आणायचं कारणच उरत नाही. चार बाय दोन फुटांवर एकरी सुमारे ५,४०० झाडं बसतात, म्हणजे एका हप्त्याला झाडामागे आठ-साडेआठ ग्रॅम. दहा झाडांचा युरिया एकदा काट्यावर तोलून बघा. एरवी मूठ किती मोठी भरते ते तेव्हाच कळतं.

जेएलए ७९४ सारखी देशी सुधारित वाणं कोरडवाहूत हेक्टरी ५० किलो नत्रावर निघतात. एकरी २०:१०:१० धरा. पेरणीला ४० किलो १०:२६:२६ आणि ९ किलो युरिया, मग ३० आणि ६० दिवसांनी १३-१३ किलो युरिया, तोही वाफसा, म्हणजे रानात बेताची ओल, असेल तरच. पाऊस ताणला असेल तर शेवटचा हप्ता सोडून द्या. कोरड्या मातीत तो मुळाशी जातच नाही.

साठाव्या दिवसाचा हप्ता टाकण्याआधी झाड वाचा. शेंड्याकडून चौथ्या-पाचव्या पानामधलं पेरं चार बोटांहून लांब असेल आणि पानं काळपट हिरवी असतील, तर हप्ता निम्मा करा. पेरी आखूड, खालची पानं फिकट आणि पाती (फुलकळ्या) भरपूर असतील तर पूर्ण द्या. दीडशे दिवसांच्या वाणाला ७५ दिवसांनंतर युरिया नकोच. झाड पुन्हा कोवळं होतं, फुलं लांबतात आणि गुलाबी बोंडअळीला आयतं खाद्य मिळतं.

लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, दिसला की युरिया फेकायची सवय खान्देशात फार. आधी पान उलटून बघा. कडा खाली वळून तिथूनच लाल होत असतील तर तो तुडतुडा आहे, आणि युरियाने तो वाढतोच. शिरा हिरव्या आणि मधली जागा लाल असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट फवारा. खालची पानं सगळीच फिकट पडून मग लालसर झाली असतील तरच नत्राची उणीव समजा. कैऱ्या भरताना मुळं थकलेली असतात, तेव्हा २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, लवकर लागू पडते. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एका पंपात घालू नका, साका बसतो.

गव्हात वाणाइतकाच पेरणीचा दिवस महत्त्वाचा. त्र्यंबकसारखं वाण नोव्हेंबरात वेळेवर पेरलं तर हेक्टरी १२० किलो नत्र. एकरी डीएपी एक गोणी, म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो आणि युरिया ३३ किलो पेरताना; मग २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटायच्या पाण्याला, ५२ किलो युरिया. कपाशी उपटून डिसेंबरात पेरलात तर एनआयएडब्ल्यू ३४ हे उशिराचं वाण घ्या आणि नत्र हेक्टरी ९० वर आणा: डीएपी तेवढंच, एकरी पेरताना युरिया २० किलो, २१ दिवसांनी ३९. उशिराच्या गव्हाला फुटवे कमी येतात आणि फेब्रुवारीतलं ऊन दाणा लवकर पिकवतं. जास्तीचं नत्र खर्चायला त्याच्याकडे दिवसच नसतात. उंच वाणाला तर जादा युरिया म्हणजे ओंबीत दूध भरताना लोळण.

दादरचं वेगळं आहे. तापीकाठच्या खोल काळ्या रानातल्या ओलाव्यावर ती येते, म्हणून सगळं नत्र पेरणीलाच पाभरीने बियाखाली. मध्यम जमिनीत हेक्टरी ४०, खोल जमिनीत ६०. स्थानिक उंच दादरला खोल रानातही मी ४० च्या आसपासच थांबायला सांगेन. वरून टाकलेला युरिया तिथे हवेतच जातो.

हवेत जाणं ही आपल्या चुनखडीच्या जमिनींची जुनी खोड आहे. युरिया ओल्या मातीवर उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो. झाडापासून चार-पाच बोटं लांब बांगडी करून टाका आणि त्याच दिवशी मातीआड करा किंवा कोळपं फिरवा. शेतात दोन दिवस पाणी साचलं तरी नत्र जातं. आधी चर काढा, वाफसा आल्यावर मग हप्ता.

केळीच्या बेवडावर, म्हणजे केळी निघालेल्या रानात, कपाशी असेल तर माती तपासल्याशिवाय वरचे आकडे लावू नका. अहवालात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर मात्रा पावपट वाढवा, ५६० च्या वर असेल तर पावपट कमी करा, आणि ही कपात साठाव्या दिवसाच्या हप्त्यातूनच करा.