माकूल अंधारात कशी चमकवायची

समुद्राच्या पाण्यात उजेड पाडणारे बॅक्टेरिया असतात, आपल्यासारख्या गरम समुद्रात त्यातला फोटोबॅक्टेरियम लिओग्नाथी सापडतो, आणि तो बघायला लॅब वगैरे काही लागत नाही, एक ताजी माकूल (म्हणजे स्क्विड) आणि एसीची खोली बस्स. (किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या दिसतात ते वेगळं बरं का, ते नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव, बॅक्टेरिया नाहीतच. ते लाट फुटली की चमकतात, हे बॅक्टेरिया सलग उजेड देत राहतात.)

सकाळी बाजारात जाऊन सांगायचं, मावशी, साफ करू नका, धुवू पण नका, तशीच द्या. बर्फातली चालेल, फ्रोझन पाकीट नको. घरी आणल्यावरही नळाखाली धरायची नाही, गोड्या पाण्यात हे बॅक्टेरिया फुगून फुटतात आणि मग बसा अंधारात टक लावून.

एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, काट्यावर मोजूनच. पसरट डब्यात माकूल अर्धी बुडेल एवढंच ओता, कारण उजेडाला ऑक्सिजन लागतो. वर झाकण सैल. खोली २० डिग्रीच्या आसपास ठेवा, एसी नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची बाटली ठेवून ती बदलत राहा. गरमीत सडवणारे बॅक्टेरिया पुढे जातात, मग नुसता वास येतो.

दुसऱ्या रात्री बघा. सगळे लाइट बंद, मोबाईल पण बाजूला, पंधरा मिनिटं डोळे सरावू द्या, आणि थेट न बघता जरा तिरकं बघा, अंधुक उजेड तसाच जास्त दिसतो. कातडीवर निळसर-हिरवे ठिपके दिसले की जमलं. नाही दिसले तर दुसऱ्या कोळणीकडची माकूल घ्या, प्रत्येकीवर ते असतीलच असं नाही.

खरी मजा पुढे आहे. इअरबडने बरेच ठिपके खरवडून छोट्या बाटलीत त्याच खारट पाण्यात ढवळा. बाटली तशीच ठेवली की ऑक्सिजन संपून उजेड मंदावतो, हलवली की परत पेटतो. हवा काढली की चमकणाऱ्या माशाचा उजेड जातो हे सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने पंप लावून बघितलं होतं, आपल्याला बाटली पुरते.

हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घालाच, समुद्रातले व्हिब्रिओ नावाचे काही बॅक्टेरिया जखमेतून शिरतात. ही माकूल खायची नाही, मांजरालाही नाही, डबा परत स्वयंपाकात नाही. झालं की सगळ्यावर ब्लीच ओता, अर्ध्या तासाने पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.