धरणावर, नदीवर फिरायला जाताय? या चुका टाळा

पाणी सगळ्यांचं आहे आणि काठावर निवांत बसण्याचा हक्कही सगळ्यांचा आहे, असं मला मनापासून वाटतं. पण गंगापूर, दारणा, वालदेवी या धरणांवर किंवा पहिन्याच्या ओढ्यावर जाताना आपण नाशिककर काही चुका पुन्हा पुन्हा करतो.

सगळ्यात जीवघेणी समजूत म्हणजे, ‘इथे पाऊस नाही, मग पाणी कशाला वाढेल?’ गोदावरीला पूर येतो तो त्र्यंबकच्या डोंगरातल्या पावसाने. गंगापूर धरण भरत आलं की विसर्ग, म्हणजे धरणातून पाणी सोडणं, सुरू होतो आणि शहरात लख्ख ऊन असतानाही सोमेश्वरचे खडक पाण्याखाली जातात. १००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर पाणी! पावसाळ्यात निघण्याआधी विसर्गाची बातमी बघाच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (या मूर्तीवरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात) पायाशी पाणी लागलं असेल, तर पात्रात उतरू नका आणि गाडीही गोदाघाटावर लावू नका.

दुसरी चूक संथ पाण्यावर विश्वास ठेवण्याची. बॅकवॉटरचा काठ वरून वाळलेला दिसतो, खाली गाळ असतो आणि पाय रुतला की घाबरून माणूस आणखी खोल जातो. शिवाय धरणाच्या पोटात जुनं नदीपात्र आहे, जुन्या विहिरीही असू शकतात. कमरेइतक्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात पडतं. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवताना दुसरा, मग तिसरा, असेच बळी जातात. दोरी, ओढणी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका, गावकऱ्यांना हाका मारा, ११२ लावा.

‘सरकारी जागा आहे, कुठूनही उतरू’ हेही चुकीचं. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन शेतकरी कसतात, त्या पिकातून गाड्या घालू नका. धरणाच्या भिंतीवर जायला मनाई असते. पावसाळ्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश निघतात. जाण्याआधी चौकशी करा. सरसकट बंदी मला पटत नाही. सुरक्षित जागा आखून द्याव्यात, तिथे जीवरक्षक नेमावेत, ही मागणी आपण लावून धरायला हवी. पण आदेश मोडून ती पुढे सरकणार नाही.

गंगापूरच्या काठावर गाडी धुऊ नका, बाटल्या फोडू नका. ते आपलंच पिण्याचं पाणी आहे.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुपारी अकरा-बाराला पोहोचून ‘पक्षीच नाहीत’ म्हणणारेही बरेच. २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. थंडीत पहाटे जा, स्पीकर घरी ठेवा, भडक कपडे टाळा आणि स्थानिक गाइड सोबत घ्या. कुठल्या पाणवठ्यावर कोणते पाहुणे उतरलेत, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.