हायस्कूल फुटबॉलमधून कॉलेजात कसं जायचं

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून खेळायचा खेळ. तिथल्या हायस्कुलांत दहा लाखांच्या आसपास मुलं तो खेळतात आणि शंभरातली जेमतेम सातच पुढे एनसीएएच्या (कॉलेजांचे खेळ चालवणारी राष्ट्रीय संघटना) कॉलेज संघांत दिसतात. म्हणून तयारी नववीपासून करा, आणि मैदानाआधी मार्कांची करा. कोचला मुलगा कितीही आवडला, तरी मार्क कमी पडले तर त्याला घेता येत नाही.

नववीतच शाळेच्या कौन्सेलरकडून एनसीएएने मान्य केलेल्या विषयांची यादी मागून घ्या. एनसीएएच्या तीन श्रेणी आहेत, सगळ्यात वरची डिव्हिजन वन, मग टू आणि थ्री. डिव्हिजन वनसाठी 16 कोअर कोर्स (पात्रतेसाठी धरले जाणारे मुख्य विषय) लागतात: इंग्रजी 4, गणित 3 (अल्जेब्रा वन किंवा त्यापुढचं), विज्ञान 2, या तिघांपैकीच आणखी 1, समाजशास्त्र 2 आणि उरलेले 4 वरच्यांपैकी किंवा परकीय भाषेसारखे. कोअर जीपीए, म्हणजे या विषयांतल्या ग्रेडची 4 पैकी सरासरी, किमान 2.3 हवा. डिव्हिजन टूला 2.2 चालतो. 2023 पासून पात्रतेसाठी एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट नाही, पण एखादं कॉलेज प्रवेशासाठी ती मागू शकतं.

घोळ होतो तो जीपीएच्या आकड्यात. शाळेच्या गुणपत्रिकेवर 2.8 दिसतो, पण त्यात वेट ट्रेनिंग आणि पीईमधले (शारीरिक शिक्षण) ए ग्रेड धरलेले असतात. ते वगळले की कोअर जीपीए 2.2 वर येतो आणि डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षी सामने खेळता येत नाहीत. दुसरी अडचण आणखी वाईट. बारावी सुरू होण्याआधी 16 पैकी 10 कोर्स पूर्ण हवेत, त्यांतले 7 इंग्रजी, गणित, विज्ञानातले, आणि त्या दहांचे ग्रेड तिथेच गोठतात. बारावीत अल्जेब्रा पुन्हा घेऊन सीचा बी केलात, तरी डिव्हिजन वनच्या हिशेबात तो बी येत नाही. त्यामुळे दहावीतला सी दहावीनंतरच्या सुट्टीतच सुधारून टाका. समर स्कूलचा तो कोर्स मान्य यादीत आहे ना, तेवढं आधी बघा.

आता व्हिडिओ. बहुतेक शाळा हडल या खेळांच्या व्हिडिओ साइटवर सामन्यांचं चित्रण चढवतात. त्यातून तीन ते चार मिनिटांची हायलाइट रील कापा. पहिल्याच पाटीवर नाव, जर्सी क्रमांक, खेळायची जागा, उंची, वजन, कोअर जीपीए आणि फोन. सगळ्यात चांगले डाव पहिल्या अर्ध्या मिनिटात टाका, कारण कोच पुढे बघेलच याची खात्री नाही. प्रत्येक डावात चेंडू सुटण्याआधी एक क्षण चित्र थांबवून खेळाडूभोवती वर्तुळ काढा, नाहीतर बावीस जणांत तो सापडत नाही. गाणं, स्लो मोशन, झगमगाट नको. लाइनमनचा (पुढच्या फळीतला खेळाडू) ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणं, शिट्टी वाजेपर्यंत पूर्ण दिसू द्या. तो मध्येच कापला की पुढे पकड सुटली असणार, असंच वाटतं. सोबत दोन अख्ख्या सामन्यांची लिंक द्या. उंची दोन इंच वाढवून लिहू नका, कॉलेजांच्या कॅम्पमध्ये टेपने मोजतात.

मग कॉलेजांची यादी. वीस-पंचवीस ठेवा, पण सगळी मोठ्या नावांची नकोत. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी विद्यापीठं) खेळाची शिष्यवृत्ती नसते, तरी आर्थिक गरजेवर मदत मिळते आणि कधीकधी ती डिव्हिजन टूच्या अर्धवट शिष्यवृत्तीपेक्षा जास्त भरते. एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी क्रीडासंघटना) आणि ज्युनियर कॉलेजं, म्हणजे तिथली दोन वर्षांची कॉलेजंही धरा. बारावीत फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरायचा, तो शिष्यवृत्ती मिळणार असली तरी. खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर नाव अकरावीतच नोंदवा. फी परवडत नसेल तर माफीसाठी कौन्सेलरला विचारा.

संघात जागा मिळाली नाही तरी चित्रीकरण, सामन्याची आकडेवारी, ट्रेनरच्या हाताखालचं काम मागा. कॉलेज संघांना विद्यार्थी मॅनेजर लागतात, आणि काही ठिकाणी त्यांनाही पैसे मिळतात.

डोक्याला मार बसला आणि गरगरलं, तर त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. परतायला डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. मोठा सामना आहे म्हणून लक्षणं लपवली आणि दुसरा धक्का बसला, तर ते जिवावर बेतू शकतं.

कोच फोनवर ‘तुझी जागा पक्की’ म्हणाला, तर आनंद माना, पण बाकीच्या कॉलेजांशी बोलणं थांबवू नका. तोंडी ऑफर कोणालाच बांधत नाही. कोच बदलला की ती हवेत विरते. सहीचा आर्थिक मदतीचा करार हातात आला की मग बाकीच्यांना कळवा.